चढण्याचा दम, उतरण्याचे बळ
(ज्येष्ठांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



आपल्यापैकी अनेकांनी शत्रुंजयाची यात्रा पायी केली असेल. तीन हजारांहून अधिक पायऱ्या चढताना धाप लागते, तो हृदय व फुप्फुसांचा प्रश्न. उतरताना धाप फारशी लागत नाही. परंतु मांड्या थरथरतात, गुडघे दगा देऊ पाहतात. तो स्नायूंचा प्रश्न. या दोन शक्ती भिन्न आहेत, आणि एकीच्या व्यायामाने दुसरी पुरेशी राखली जात नाही. ‘मी रोज तासभर फिरतो, मला आणखी काय करावयाचे?’ असे विचारणाऱ्यांना माझे हेच उत्तर असते.

प्रथम दमाविषयी. अमेरिकेतील डलास येथे १९६६ साली वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. १९९६ साली त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जेवढी घटली होती, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने घटली होती! पुढे सहा महिने व्यायाम क्रमाने वाढविल्यावर पन्नाशीतील ही मंडळी आपल्या विशीतील मूळ पातळीवर परतली. साध्या तापानंतरही ‘आजोबा, तुम्ही उठू नका’ असे प्रेमाने म्हणणाऱ्या मुला-सुनांनी हे ध्यानी घ्यावे.

आता बळाविषयी. येथे आपला समाज फार उदासीन आहे. सामायिकासाठी जमिनीवर बसता येते. पण अठ्ठेचाळीस मिनिटांनी उठताना कुणाचा हात शोधावा लागतो. हाच हात पुढे स्नानगृहात, जिन्यावर, रात्री पलंगाशी लागतो. स्वावलंबन संपते ते बहुधा मांड्यांतून. बॉस्टन येथे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शुश्रूषागृहातील ८६ ते ९६ वर्षांच्या वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलावयास लावले. प्रयोग पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ही तर दुर्बल माणसे होती. आपण निरोगी आहात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि ज्येष्ठांसाठी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सुचविला आहे. चालताना बोलता यावे, पण स्तवन गाता येऊ नये, इतका वेग असावा. बळासाठी भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठावे, सावकाश बसावे. दहा वेळा, थोड्या विश्रांतीने पुन्हा. सोपे वाटू लागले की पिशवीत वजन घेऊन करावे, कारण भार वाढविल्याखेरीज बळ वाढत नाही. श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब चढतो. छातीत दुखणे, चक्कर किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

आहारात मूग, तूर, दूध, पनीर यांना दोन्ही जेवणांत स्थान हवे. केवळ खाकरा-चहावर स्नायू पोसत नाहीत. पर्युषणातील उपवासांत जोराचा व्यायाम थांबवावा व पारण्यानंतर दोन-तीन दिवसांनी, हलक्या भारापासून, पुन्हा आरंभ करावा.