दाणा कुठून कुठे गेला : नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला पेटंट द्यावं का?



पेटंट, सॉफ्टवेअर आणि शेती हे तीन शब्द पत्रिकेत एका ओळीत वाचूनही आपण आलात, याबद्दल आधी आभार. कायद्याकडे नंतर वळू, आधी शेतात जाऊ. शेत मात्र आपल्याकडचं नाही, अमेरिकेतल्या आयोवाचं आहे.

मक्याची काढणी चालू आहे. कंबाईन हार्वेस्टर कणसं ओढून घेतो, दाणे मोकळे करतो आणि आपल्या टाकीत साठवतो. टाकी भरत आली की ट्रॅक्टर धान्याची गाडी ओढत त्याच्या शेजारी येतो. थांबत कुणीच नाही. दोघं बरोबरीने चालत असतात, कंबाईनची लांब नळी गाडीवर आलेली असते आणि धान्याची धार पडत राहते. या गाडीला तिथे ग्रेन कार्ट म्हणतात. हजार बुशेलची गाडी तिकडे नवलाची नाही. मक्याच्या हिशेबात ते सुमारे २५ टन होतात. गाडी बांधावरच्या ट्रकमध्ये रिकामी होते आणि ट्रक गोदामाकडे निघतो.

गोदामाच्या काट्यावर ट्रकचं वजन कळतं. पण त्यातलं धान्य कुठल्या शेतातलं? एकच शेतकरी पाच-सहा मालकांच्या जमिनी कसत असेल आणि त्यातल्या काही वाट्याने असतील, तर हा प्रश्न पैशाचा होतो. पीकविम्याला शेतावार उत्पादन दाखवावं लागतं. खाण्याचा मका आणि जनावरांचा मका मिसळून चालत नाही. पूर्वी ट्रॅक्टरवाला हे सगळं वहीत लिहायचा. रात्री अकराला, धुळीत, चौदा तास काम झाल्यावर. अशा वहीवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

म्हणून यंत्रांनाच ही नोंद ठेवायला लावण्याची कल्पना पुढे आली. कंबाईनमध्ये धान्याचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. वर चढणारे दाणे एका पट्टीवर आपटतात आणि त्या आघाताच्या जोरावरून वजनाचा अंदाज बांधला जातो. गाडीच्या सांगाड्याखाली वजन मोजणारे लोड सेल असतात. दोन्ही यंत्रांवर जीपीएस असतं. सॉफ्टवेअर या सगळ्यांचे आकडे गोळा करतं आणि सांगतं : अमुक वाजता अमुक कंबाईनने अमुक गाडीत इतकं धान्य ओतलं, ते अमुक शेतातलं होतं, आणि ते आता अमुक ट्रकमध्ये आहे.

उपयोगाची गोष्ट आहे यात शंका नाही. हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी पेटंटला अर्ज करते आणि पेटंट कार्यालयातला परीक्षक उत्तर देतो : ही अमूर्त कल्पना आहे, पेटंटचा विषयच नाही. कंपनीचे अभियंते चक्रावतात. २५ टन मका अमूर्त कसा?

मका अमूर्त नाही, पण कंपनीने हक्क मक्यावर मागितलेला नाही. तिने मागितलेला हक्क नोंदीवर आहे. आपल्या बाजार समितीतला मापाडी दुसरं काय करतो? कुणाचा माल, किती वजन, कुणाला गेला, हे तो चिठ्ठीवर लिहितो. तेच काम संगणकाने वेगाने केलं म्हणून वीस वर्षांची मक्तेदारी द्यायची का, हा परीक्षकाच्या मनातला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे.

अमेरिकेच्या पेटंट कायद्याचं १०१ वं कलम वाचलं तर दार सताड उघडं दिसतं : प्रक्रिया, यंत्र, निर्मित वस्तू, पदार्थ, सगळ्यांना पेटंट. निसर्गाचे नियम, नैसर्गिक घटना आणि अमूर्त कल्पना वगळायच्या, हे न्यायालयांनी नंतर ठरवलं. २०१४ साली अ‍ॅलिस विरुद्ध सीएलएस बँक या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दोन पायऱ्यांची कसोटी पक्की केली. दावा अमूर्त कल्पनेकडे वळलेला आहे का, ही पहिली पायरी. वळलेला असेल तर त्यात त्या कल्पनेपलीकडे काही खरी भर आहे का, ही दुसरी. अ‍ॅलिस कंपनीचा दावा देवाणघेवाणीत मध्यस्थाने दोन्ही पक्षांची खाती संगणकावर सांभाळण्याचा होता. हे काम जुनं, संगणकही नेहमीचा, म्हणून पेटंट गेलं. धान्याच्या नोंदीशी याचं साम्य उघड आहे.

पुढच्या निकालांनी शेतीच्या सॉफ्टवेअरची वाट आणखी अरुंद केली. बंदरातल्या कंटेनरची जागा आणि त्यांचा भार यांवर देखरेख ठेवण्याची पेटंटं न्यू जर्सीच्या न्यायालयाने रद्द केली. २०१६ साली ते अपिलात कायम झालं. रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या आरएफआयडी पट्ट्यांनी मालाचा माग ठेवण्याची पेटंटं कोका-कोलाविरुद्धच्या खटल्यात २०१८ साली टिकली नाहीत. वीजजाळ्याची माहिती गोळा करून, तिचं विश्लेषण करून ती पडद्यावर दाखवण्याचा दावा २०१६ सालीच निकालात निघाला होता. माहिती गोळा करा, तपासा, दाखवा : दावा या तीन क्रियांतच संपत असेल तर अमेरिकेत त्याची आशा फार धरू नये.

मग सगळंच संपलं का? नाही. मला वाटतं, या साऱ्या गुंत्यात एक प्रश्न बऱ्यापैकी वाट दाखवतो : यंत्राला कळल्यानंतर यंत्र काय करतं?

दोन जुने खटले शेजारी ठेवून पाहा. १९७८ सालचा पार्कर विरुद्ध फ्लूक. रासायनिक प्रक्रियेत धोक्याची घंटा कुठल्या आकड्याला वाजावी, तो आकडा सूत्राने सतत नव्याने काढायचा. बस, आकडा निघाला की दावा संपला. पेटंट नाकारलं गेलं. १९८१ सालचा डायमंड विरुद्ध डीअर. हे गृहस्थ ट्रॅक्टरवाले डीअर नव्हेत. साच्यात रबर भाजताना तापमान सतत मोजायचं, आऱ्हेनियसच्या समीकरणाने वेळ काढायची आणि वेळ झाली की साचा आपोआप उघडायचा. पेटंट मान्य झालं, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. गंमत अशी की फ्लूकचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स डीअरमध्ये अल्पमतात होते आणि त्यांनी कडाडून विरोध नोंदवला. तीन वर्षांत आभाळ फिरलं. दोन्हीकडे गणितच होतं, पण एका ठिकाणी कागदावर आकडा बदलला आणि दुसऱ्या ठिकाणी साचा उघडला.

आता पुन्हा मक्याच्या शेतात या. गाडीतला भार ठरावीक मर्यादेला पोचताच सॉफ्टवेअर कंबाईनची नळी बंद करतं, किंवा धान्य एकाच कोपऱ्यात साचू नये म्हणून ट्रॅक्टरचा वेग बदलतं. हा दावा डीअरच्या घरातला आहे.

अवघड आहे ते मधलं क्षेत्र, आणि माझ्या मते खरी बुद्धिमत्ता तिथेच असते. शेतात दोन कंबाईन आहेत, दोन गाड्या आहेत आणि कुणीही बटण दाबत नाही. ओतणं झालं की नाही, आणि कुणाकडून कुणाकडे, हे यंत्राने कसं ओळखायचं? खडबडीत जमिनीवर गाडी उसळते आणि लोड सेलचे आकडे नाचतात. नुसतं जवळ असणं पुरत नाही, कारण दोन कंबाईन शेजारून जात असतात. नळी उघडी आहे का, एकाचा साठा उतरत असतानाच दुसऱ्याचा भार चढतो आहे का, दोघांचा वेग आणि दिशा जुळते आहे का, हे सगळं एकत्र ताडून निर्णय घ्यावा लागतो. इथे मापाड्याची उपमा निकामी होते. कुठलाही माणूस हे डोक्यात करत नाही.

या दाव्यासाठी मी २०१७ सालच्या थेल्स व्हिजनिक्सच्या निकालाचा आधार घेईन. लढाऊ विमानाच्या वैमानिकाच्या शिरस्त्राणावर एक सेन्सर, विमानावर दुसरा, आणि हलत्या विमानाच्या चौकटीत डोक्याची हालचाल मोजायची. खालच्या न्यायालयाने हे गणित म्हणून फेटाळलं होतं. अपील न्यायालयाने ते उलटवलं : सेन्सर वेगळ्या तऱ्हेने मांडून चूक कमी केली आहे, केवळ समीकरण मागितलेलं नाही. दोन हलती यंत्रं, दोन सेन्सर, त्यांचं परस्परांशी नातं. आणखी काय हवं? २०२० साली हृदयाच्या ठोक्यांतली अनियमितता ओळखणाऱ्या कार्डिओनेटच्या यंत्रालाही अपिलात पात्रता मिळाली, कारण दावा सुधारलेल्या यंत्राचा होता. तरीही खात्री देता येत नाही. अ‍ॅलिसच्या कसोटीत नावीन्याचा प्रश्न पात्रतेत मिसळला गेला आहे, ही माझी जुनी तक्रार आहे. एखादी गोष्ट जुनी असेल तर ती जुनी म्हणून नाकारावी; तिला अमूर्त ठरवून उंबऱ्यावरच का अडवायचं?

आता आपल्याकडे. भारतीय पेटंट कायदा १९७० चा, आणि या विषयात त्याच्या तिसऱ्या कलमाची तीन उपकलमं एकदम अंगावर येतात. ३(ट), म्हणजे इंग्रजीतलं ३(के), केवळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारतं. ३(एन) माहितीच्या मांडणीला नाकारतं. आणि ३(एच) शेतीच्या पद्धतीला! हे शेवटचं अमेरिकेत नाही. शेतकऱ्याने पेरावं कसं, कापावं कसं, यावर कुणाची मालकी नको, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. पण नळी बंद करणारी नियंत्रणप्रणाली ही शेतीची पद्धत नव्हे, ते शेतात वापरायचं यंत्र आहे. कुणी ट्रॅक्टरला शेतीची पद्धत म्हणत नाही.

३(के)बद्दल २०१९ साली फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की संगणकावर आधारलेला प्रत्येक शोध बाद होत नाही. त्याचा तांत्रिक परिणाम पाहायला हवा. प्रश्न पुन्हा तिथेच येतो : कळल्यावर यंत्र काय करतं?

पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणी यंत्रं वाढत आहेत. यंत्र कांड्या शेजारच्या ट्रॉलीत टाकतं, ट्रॉली वाहनात, वाहन कारखान्याच्या काट्यावर. काटामारीची तक्रार शेतकरी संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. बांधावरच वजनाची नोंद झाली तर ती तक्रार पुराव्यानिशी तरी करता येईल. आपल्या गावातला एखादा अभियंता असं काही करत असेल तर त्याला माझं एवढंच सांगणं : अर्जात ‘नोंद ठेवण्याची पद्धत’ असं लिहू नकोस. सेन्सर कुठे बसवलास, उसळणाऱ्या ट्रॉलीचा आकडा स्थिर कसा केलास, चूक किती घटली, वजन जुळलं नाही तर यंत्र काय करतं, ते लिही. आणि कृषी प्रदर्शनात स्टॉल लावण्याआधी अर्ज दाखल कर. अमेरिकेत स्वतःच शोध उघड केल्यावरही वर्षभराची सवलत मिळते. आपल्याकडे प्रदर्शनासाठीची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे. तात्पुरतं विवरण देऊन अर्ज करता येतो आणि पूर्ण विवरणाला त्यानंतर बारा महिने मिळतात, म्हणजे उसाचा एक अख्खा हंगाम चाचणीला हाती राहतो.