शाळाशाळांची मैत्री बरोबरीची हवी



१९५३ साली युनेस्कोने १५ देशांतील ३३ शाळांना एकत्र आणून संलग्न शाळांची योजना सुरू केली. महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे लोटली होती. आज या जाळ्यात सुमारे १२,००० शाळा आहेत. परक्या देशाचा द्वेष पाठ्यपुस्तकातून रुजू शकतो. त्याचे उच्चाटनही शाळेतच व्हावयास हवे.

परंतु श्रीमंत देशातील शाळेने वह्या-पेन्सिली पाठवाव्यात आणि गरीब देशातील मुलांनी आभाराची पत्रे लिहावीत, ही मैत्री नव्हे. त्यातून एकाला अहंकार व दुसऱ्याला मिंधेपणा, एवढेच शिक्षण मिळते.

बरोबरीची मैत्री म्हणजे सर्व वर्गांनी एकच प्रश्न हाती घेणे. कापसाचेच पाहा. विदर्भातील मुलांनी बोंडापासून गाठीपर्यंतचा हिशेब मांडावा, ढाक्यातील मुलांनी शिवणाऱ्या हातांच्या मजुरीचा, युरोपातील मुलांनी दुकानातील किमतीचा. तिन्ही हिशेब शेजारी ठेवले की, २०१३ साली ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक माणसे का चिरडली गेली, हे कोणी वेगळे सांगावे लागणार नाही. जागतिक नागरिकत्वाचा पहिला धडा तो हाच.

हा धडा केवळ महागड्या शाळांची मिरास होता कामा नये. म्हणून निवडीत सरकारी शाळांना अग्रक्रम मिळावा, मुलांना मातृभाषेत लिहिता यावे आणि भाषांतराचा भार शासनाने उचलावा, ही मागणी आपण गावोगाव नेली पाहिजे.