आपल्या गावातलं इंग्रजी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘इंग्रजी आणि आपली शाळा’. विषय का दिलाय ते उघड आहे. मेळाव्याच्या निधीतून शाळेत इंग्रजी संभाषणाचा वर्ग सुरू करावा, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. रोज सकाळी पिवळ्या बस भरून गावातली मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात आणि इथला पट कमी होतो, ही काळजी मुख्याध्यापकांनी मघाशी बोलून दाखवली. वर्ग सुरू व्हावा असं मलाही वाटतं. त्यात आधी कोणते शब्द शिकवावेत, एवढंच मी बोलणार आहे.

आपल्या वेळी इंग्रजी पाचवीला यायचं. २००० सालापासून आपल्या राज्यात ते पहिलीपासून आलं. पण सुरुवात बहुतेक ठिकाणी अजून फळं, प्राणी आणि रंग यांच्यापासूनच होते. लहान मुलांसाठी ते ठीकच आहे. मात्र आठवी-नववीतलं पोर दिवसभर सफरचंद आणि हत्तीबद्दल बोलत नाही. ते बोलतं शेजाऱ्याबद्दल, गणपतीच्या वर्गणीबद्दल, पाण्याच्या पाळीबद्दल, कुणाच्या लग्नाबद्दल, कुणाच्या भांडणाबद्दल. चार माणसांत राहण्याचे हे शब्द त्याला इंग्रजीत कुणी देत नाही.

मी वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि नव्या इंजिनिअर मुलांच्या मुलाखती घेते. आपल्यासारख्या गावांतून आलेली मुलं डेटाबेसवर, नेटवर्कवर इंग्रजीत नीट उत्तरं देतात. पुस्तकातून शिकलेले शब्द तोंडात बसलेले असतात. मग मी विचारते, ‘तुझ्या गावाबद्दल काही सांग.’ तिथे मुलं गप्प होतात. असाच एक मुलगा अडकला तेव्हा मी त्याला म्हटलं, ‘अरे, मराठीत सांग.’ मग त्याने दहा मिनिटं सांगितलं. गावाने श्रमदान करून बांध कसे घातले, डिझेलसाठी वर्गणी कशी काढली, एक भावकी येत नव्हती तिला कोण जाऊन भेटलं, रोज किती माणसं आली त्याची वही कोणी ठेवली. वही यानेच ठेवली होती! टीममध्ये काम करणं म्हणजे दुसरं काय असतं? त्या दिवशी समोर मराठी समजणारी बाई होती म्हणून ते कळलं. दुसरं कुणी असतं तर त्याच्या कागदावर ‘बोलता येत नाही’ एवढाच शेरा पडला असता.

मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश काळात ढाक्याला काम करत होते. परकी भाषा शिकणाऱ्या मुलाला आधी कोणते शब्द द्यावेत, याचा त्यांनी तिथल्या मुलांवरून पुष्कळ विचार केला. पुढे १९५३ साली सुमारे २००० शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या शिक्षकांनी ती वापरली. त्यामागचं सूत्र साधं होतं: जो शब्द जास्त उपयोगी पडतो तो आधी. मी तेच आपल्या गावाला लावून पाहते आहे.

आता गंमत बघा. चार माणसांत लागणारे कितीतरी इंग्रजी शब्द आपल्या गावात आधीपासून आहेत. सोसायटी, मेंबर, चेअरमन, सेक्रेटरी, कमिटी, मीटिंग, फंड, पब्लिक, पार्टी, फंक्शन, डोनेशन. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण यातला प्रत्येक शब्द तिच्या बोलण्यात होता. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला, आणि सहकाराबरोबर हे शब्द हळूहळू खेड्यापाड्यांत पोचले. म्हणजे पहिल्या तासाला फळ्यावर लिहायचे शब्द मुलांनाच विचारून लिहिता येतील. इंग्रजी ही दुसऱ्या कुणाची तरी वस्तू आहे ही भीती तिथेच थोडी कमी होईल.

मात्र हे शब्द आपल्याकडे राहून बदललेत, तेही शिकवायला हवं. आपण म्हणतो, ‘सोसायटीचं कर्ज काढलं’, तेव्हा ती विकास सोसायटी असते. पुण्यातला माणूस ‘सोसायटीत पाणी नाही’ म्हणतो, तेव्हा ती इमारत असते. इंग्रजीत नुसतं ‘सोसायटी’ म्हटलं की बहुधा अख्खा समाज समोर येतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सोबती, त्यामुळे तिन्ही अर्थ तसे एकाच घरातले. गोखल्यांनी १९०५ साली जी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली, तिला मराठीत ‘भारत सेवक समाज’ म्हणतात, यावरूनही ते कळतं.

‘मेंबर’ म्हटलं की आपल्याला ग्रामपंचायत दिसते. इंग्रजीत कशाचा मेंबर ते सांगावं लागतं. ‘जत्रेत पब्लिक लय होतं’ यातलं पब्लिक म्हणजे इंग्रजीत क्राउड. इंग्रजीतला पब्लिक म्हणजे सार्वजनिक: पब्लिक लायब्ररी, पब्लिक रोड. ‘डोनेशन’ म्हटलं की आपल्या पालकांच्या पोटात गोळा येतो, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ प्रवेशासाठी मोजलेले पैसे असा झालाय. खरा अर्थ देणगी, स्वखुशीने दिलेली. आणि प्रत्येकाने आपापला वाटा घालायचा ती आपली वर्गणी, तिला कॉन्ट्रिब्युशन म्हणावं.

नात्यांचंही तसंच. मामेभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ आणि या सगळ्यांच्या बहिणी, अशा आठ नात्यांना इंग्रजीत एकच शब्द, कझिन. त्याला ‘ब्रदर’ जोडायची गरज नाही. आपण सोयऱ्यांनाही पाहुणे म्हणतो आणि घरी आलेल्यालाही पाहुणे म्हणतो. इंग्रजीत घरी आला तो गेस्ट, नात्यातला तो रिलेटिव्ह. श्रमदान, पंगत, भावकी यांना तर नेमका शब्दच नाही. तिथे मुलाला सोप्या वाक्यात समजावून सांगता आलं पाहिजे: ‘वी ऑल वर्क्ड टुगेदर. नोबडी टूक मनी.’ एवढं म्हणता आलं की श्रमदान सांगून झालं.

एका शब्दाबद्दल जरा थांबून बोलते. ‘कम्युनिटी.’ शहरात हल्ली कुणी विचारतं, ‘तुमची कम्युनिटी कोणती?’ आपल्याला माहीत असतं, जात विचारली जाते आहे, फक्त इंग्रजीत, म्हणजे सभ्य वाटावी अशी. माझ्या कामात हाच शब्द रोज येतो आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे. १९९१ साली लिनक्स सुरू झालं. एकमेकांना कधी न पाहिलेली देशोदेशीची माणसं ते मिळून घडवत आली आहेत, त्यांना कम्युनिटी म्हणतात. तिथे कोण कुठला हे कुणी विचारत नाही. तू काय दुरुस्त केलंस ते विचारतात. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ सामाईक असाच आहे. आपल्या मुलांना हा शब्द याच अर्थाने पहिल्यांदा भेटावा असं मला मनापासून वाटतं. एका विहिरीचं पाणी पिणारे, एका रस्त्याने जाणारे, एका शाळेत शिकणारे ते सगळे एक कम्युनिटी. पहिल्यांदा जातीच्या अर्थाने भेटला, तर पुढे तो तसाच राहतो.

शेवटचा मुद्दा. नुसत्या नामांनी बोलता येत नाही. ‘नेबर’ पाठ झाला, पण शेजाऱ्याचं करायचं काय? म्हणून प्रत्येक नामाबरोबर क्रियापद द्यावं. हेल्प, शेअर, इन्व्हाइट, कलेक्ट, व्होट, डिसाइड. आणि ‘अग्री’बरोबर ‘डिसअग्री’सुद्धा. आपल्याकडे मोठ्यांपुढे ‘मला हे पटत नाही’ म्हणणं मराठीतही अवघड जातं, मुलींना तर जास्तच. ‘आय डिसअग्री, सर’ हे आदर ठेवून म्हणता येतं, हे आठवीतल्या मुलीला समजलं तर तिचं नुसतं इंग्रजी सुधारणार नाही.

तर माझी सूचना अशी. वर्षाला चाळीस शब्द पुरेत. आठवड्याला एक नाम आणि त्याचं क्रियापद, असे वीस आठवडे. प्रत्येक शब्दाला गावातलं एक उदाहरण मुलांनीच आणायचं आणि त्यावर तीन वाक्यं बोलायची. वर्षाच्या शेवटी मुलांची इंग्रजीतून ग्रामसभा घ्यायची. विषय त्यांनीच निवडायचा, ठराव मांडायचा, विरोध करायचा, हात वर करून मत द्यायचं. चुका होतील, होऊ देत. व्याकरण पुढे शिकवता येतं.

यासाठी बाहेरून क्लासवाले आणायची गरज मला दिसत नाही. आज या मांडवात बँकेतले, पोलिसांतले, दूध संघातले, दवाखान्यातले, परदेशात राहून आलेले असे किती जण आहेत! प्रत्येकाने वर्षातून दोन शनिवार, एक तास ऑनलाइन मुलांशी बोलायचं आणि आपल्या कामातले दोन शब्द द्यायचे. निधीतून एक चांगला स्पीकर, पडदा आणि इंटरनेट एवढं घेतलं तरी भागेल. उरलेल्या पैशांची पुस्तकं घ्यावीत. पहिले दोन शनिवार माझे. दुपारच्या जेवणानंतर वर्गाबाहेरच्या टेबलावर मी वही ठेवते आहे, आपापलं नाव, फोन आणि जमणारा महिना लिहा.

मुलांनो, तुम्हीही या. तुम्हाला कोणता शब्द हवाय तो लिहा. यादी तुमच्यापासून सुरू करू.