हाताचे दुखणे, छातीची तपासणी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



"अम्मीचे हात सकाळी चालत नाहीत," हे वाक्य आपल्या अनेक घरांत ऐकू येते. फजरला वजूसाठी नळ फिरवता येत नाही, सजद्यात तळवा टेकत नाही. मग पोळ्या कोण करणार? नववीतली मुलगी. तिची शाळा बुडते, म्हणून हा विषय या व्यासपीठावर घेतला.

हे दुखणे म्हणजे बहुधा आमवात, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्या जिल्ह्यातील भिगवणला १९९६ साली पाहणी झाली, तेव्हा प्रौढांत सुमारे अर्धा टक्का लोकांना तो आढळला. बायकांत तो अधिक. परंतु हा केवळ सांध्यांचा रोग नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते आणि काही रुग्णांच्या फुप्फुसांत व्रण पडून ती कडक होत जातात. जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला येतो. आपण म्हणतो, वय झाले!

विडी-सिगारेटच्या धुराने फुप्फुसातील प्रथिनांचे रूप बदलते, आणि त्यांच्याविरुद्ध तयार होणारी द्रव्ये सांधे दुखण्याच्या कित्येक वर्षे आधी रक्तात सापडू शकतात. भोसरीच्या फाउंड्रीत वाळूच्या धुळीत राबणाऱ्या भावांनी हे नीट ऐकावे : सिलिकाच्या धुळीनेही आमवाताचा धोका वाढतो. वेल्समधील कोळसा कामगारांच्या छातीत आमवाताबरोबर येणाऱ्या गाठी डॉ. कॅप्लान यांनी १९५३ सालीच दाखवल्या होत्या.

आता रक्ताविषयी. आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी यांचे आकडे फार चढे असतील तर फुप्फुसाचा धोकाही जास्त. केएल-६ नावाचे प्रथिन फुप्फुसाला इजा झाली की रक्तात वाढते. जपानमध्ये ते नेहमी तपासतात, आपल्याकडे क्वचित. २०१८ मध्ये एमयूसी५बी या जनुकातील एक फरकही या धोक्याशी जोडला गेला. मात्र एवढ्यावर कोणी निदान करीत नाही. पुरुष, उतारवय, धूम्रपान हेही धोके डॉक्टर जमेस धरतात. ते पाठीला नळी लावून ऐकतात, फुंकण्याची तपासणी करतात, गरज वाटल्यास छातीचा सीटी स्कॅन सांगतात. महागडे पॅकेज विकणाऱ्या लॅबच्या जाहिरातीला भुलू नका.

मेथोट्रेक्झेटने फुप्फुसे जातात, या ऐकीव भीतीने कित्येक जण गोळी सोडतात. क्वचित तिची तीव्र प्रतिक्रिया येते, हे खरे. पण हे जुनाट व्रण तिच्यामुळे वाढतात असे अलीकडच्या अभ्यासांत दिसत नाही. गोळी स्वतःहून बंद करू नये. ती आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. ठरलेला वार भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पिंपरीच्या वाय.सी.एम. किंवा मोहननगरच्या ई.एस.आय. रुग्णालयात जाताना जुने एक्स-रे न्यावेत. कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले, विडी किती ओढली, दम कधीपासून लागतो, हे एका कागदावर लिहून न्यावे. तो कागद आमच्या आठवी-नववीच्या मुलामुलींनी आजच संध्याकाळी घरी बसून लिहून द्यावा.