विलायतेतील दशांश

पाद्र्याच्या प्रवचनाशी आमचे भांडण नाही. आम्ही खळे पाहतो. इंग्लंडात पूर्वी दहा पेंढ्यांतली एक चर्चची! घाम कुणब्याचा, वाटा धर्माचा. 1836 च्या कायद्याने पेंढीऐवजी रोकड आली, धान्याच्या भावाबरोबर चढणारी-उतरणारी. 1925 साली तीही कायम ठरवली. पुढे मंदीत भाव कोसळले, देणे मात्र तेवढेच. गुरांवर, गंजींवर जप्त्या आल्या. शेतकरी लिलाव अडवायला जमू लागले. देव तोच होता, पण गाय घरची होती. अखेर 1936 साली दशांश मोडला. त्याबदलीचा हप्ता सरकारला 1977 पर्यंत भरावा लागला.

जर्मनीत आजही चर्चच्या सभासदास प्राप्तिकराच्या 8-9 टक्के चर्चकर पडतो. सरकारदरबारी सभासदत्व सोडल्याची नोंद केली की सुटला. त्या नोंदीचीही बहुतेक ठिकाणी फी पडते, ही गंमत!