काच फुटली, की कोणी फोडली?

हेडफोन लावलेत? चला, आज सुरुवात एका फुटलेल्या काचेपासून करूया.

कराडला आमच्या गल्लीत क्रिकेट खेळताना माझ्या एका शॉटने शेजारच्या काकांची काच फुटली. घरी येऊन मी सांगितलं, "आई, काकांची काच फुटली." आईने भाजी चिरता चिरता एकच शब्द विचारला, "कोणी?"

आजचा सगळा एपिसोड या एका शब्दावर आहे.

मराठीत आपल्याला एक भारी सोय आहे बघा. पडलं-पाडलं, तुटलं-तोडलं, बुडालं-बुडवलं. जोडीतल्या पहिल्या शब्दात गोष्ट आपोआप घडते. दुसऱ्यात लगेच माणूस शोधावा लागतो. "वस्ती पडली" म्हटलं की वारा-पाऊस डोळ्यासमोर येतो. "वस्ती पाडली" म्हटलं की बुलडोझर दिसतो, आणि त्याला ऑर्डर देणारा. फरक फक्त एका कान्याचा! पण तो काना द्यायचा की नाही, हे बहुतेक वेळा ज्याच्या हातात सत्ता असते तोच ठरवतो.

नॉर्मन फेअरक्लफ नावाचे ब्रिटिश भाषा-अभ्यासक आहेत. १९८९ मध्ये त्यांचं 'लँग्वेज अँड पॉवर' हे पुस्तक आलं. मजकूर वाचताना कर्ता स्पष्ट आहे की धूसर केलाय हे तपासा, असं ते सांगतात. आपण हे आपल्याच भाषेवर करून बघू.

शब्द घ्या 'धरणग्रस्त'. माझ्या सातारा जिल्ह्यात कोयनेचं धरण आहे. त्यासाठी गावं उठवली गेली, काहींना जिल्हा सोडून लांब जावं लागलं. ते झाले धरणग्रस्त. मग ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेत मोठा भूकंप झाला. त्यात ज्यांची घरं गेली ते भूकंपग्रस्त. आता हे शब्द एका ओळीत म्हणून बघा: पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त. धरण जणू आभाळातून पडलं! त्याचा नकाशा कोणीतरी काढला होता, फायलीवर कोणीतरी सही केली होती, पण 'ग्रस्त' लागलं की सहीवाला माणूस दिसेनासा होतो. कोयनेचं तर आणखी पुढचं आहे. त्या भूकंपाचा संबंध अनेक शास्त्रज्ञ धरणात साठवलेल्या पाण्याशी जोडतात. म्हणजे तिथे 'भूकंपग्रस्त' म्हणतानाही थोडं थांबायला हवं.

आता दुसरी बाजूही बघू. लोकांनी हाच शब्द उचलला, बॅनरवर लिहिला आणि त्याच नावाने हक्क मागितले. शब्द कोणाच्या तोंडी आहे, यानेही फरक पडतो.

दुसरं उदाहरण बातम्यांचं. "सेप्टिक टँकमध्ये गुदमरून कामगारांचा मृत्यू." ही हेडलाइन आपण किती वेळा स्क्रोल करून पुढे गेलोय? सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी वाक्यात टाकी आहे, वायू आहे, मेलेला माणूस आहे. उतरवणारा कुठाय? आईचा प्रश्न इथे विचारा: कोणी?

आता माझी गोष्ट. ही सांगायला मला थोडी लाज वाटते.

मी बीटेक करून एका कंपनीत लागलो. छोट्या कर्जांचं ॲप होतं. स्क्रीनवर दिसणारे मराठी मेसेज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण टीममध्ये मराठी लिहिता येणारा मी एकटाच. एक मेसेज मी असा लिहिला: "आपण चुकीची माहिती भरल्यामुळे आपला अर्ज नाकारण्यात आला आहे."

काही महिन्यांनी गावी गेलो. आत्याला शिलाईसाठी दुसरं मशीन घ्यायचं होतं. मी विचारलं, घेतलंस का? ती म्हणाली, "नाही रे, कर्ज नाही मिळालं. माझंच काहीतरी चुकलं भरताना." फोन दाखवला. स्क्रीनवर माझंच वाक्य होतं!

तिचं काहीच चुकलं नव्हतं. आधारवर नावाचं स्पेलिंग एक, पासबुकवर दुसरं. आमचा कोड दोन स्पेलिंग जुळवू शकत नव्हता. बग आमचा होता. पण माझं वाक्य नीट ऐका. चूक झाली तिथे कर्ता ठसठशीत: "आपण". नकार दिला तिथे कर्ता गायब: "नाकारण्यात आला". कोणी नाकारला? माहीत नाही. मग भांडायचं कोणाशी? आत्या कोणाशीच भांडली नाही. तिने स्वतःलाच दोष दिला आणि गप्प बसली. सत्ता अशीही चालते बरं का. आवाज न चढवता, फक्त व्याकरणातून.

परत येऊन मी नवीन मेसेज लिहिला: "आधार आणि पासबुकवरचं तुमचं नाव आमच्या सिस्टिमला जुळवता आलं नाही. पासबुकचा फोटो टाका, आम्ही पुन्हा तपासू." मीटिंगमध्ये 'आम्ही' या शब्दावर अर्धा तास वाद झाला. आम्ही म्हटलं की जबाबदारी येते ना! शेवटी 'आम्ही' टिकला. तक्रारीसाठी फोन नंबरही द्या म्हटलं होतं, ते नाही झालं.

असं वाक्य बदलायला कायद्यानेही भाग पाडता येतं. माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ७(८) बघा. तुमचा अर्ज फेटाळला तर अधिकाऱ्याने कारण सांगायचं, अपील किती दिवसांत करायचं ते सांगायचं आणि कोणाकडे करायचं तेही सांगायचं. नुसतं "नाकारण्यात आला" चालत नाही. वाक्याला तोंड द्यावं लागतं, म्हणजे आपल्याला त्या तोंडाशी बोलता येतं.

तर या आठवड्याचा होमवर्क. फोनवर आलेला बँकेचा, कॉलेजचा, सोसायटीचा कुठलाही मेसेज उघडा. "करण्यात आले आहे", "घेण्यात येईल" असं दिसलं की विचारा, कोणी? आणि स्वतः लिहिलेला मेसेजही तपासा. माझ्यासारखे आपणही कधीकधी दुसऱ्या बाजूला असतो.

आणि हो, काचेचं राहिलंच. आईने विचारल्यावर मी म्हणालो, "मी फोडली." काकांकडे जाऊन सॉरी म्हणावं लागलं. काच बाबांच्या पैशाने बसली.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!