चित्राला नाव कोण देतं?

परंडा असो की उमरगा, जुलै 2025 पासून अंगणवाडीतून घरपोच आहार घ्यायचा तर आईला सेविकेच्या मोबाईलसमोर चेहरा धरावा लागतो. फोन त्या चेहऱ्याचे आकडे करतो. डोळे, नाक, हनुवटी यांच्या ठेवणीवरून आकड्यांची एक लांबलचक ओळ तयार होते आणि ती आधी नोंदवलेल्या ओळीशी ताडून पाहिली जाते. फरक ठरलेल्या मर्यादेत बसला तर जुळलं, नाही तर पुन्हा फोटो. ही मर्यादा कुणी ठरवली, ते ना सेविकेला ठाऊक, ना त्या आईला.

यंत्राच्या पोटातल्या अशा गोष्टी उकरून काढायचं काम अलीकडे काही कलावंतांनी अंगावर घेतलं आहे.

अमेरिकेचा ट्रेव्हर पॅग्लन आणि संशोधक केट क्रॉफर्ड यांनी 2019 मध्ये 'इमेजनेट रूलेट' नावाचा प्रयोग लोकांसमोर ठेवला. आपला फोटो द्यायचा आणि यंत्र आपल्याला काय म्हणतं ते बघायचं. कुणाला 'गुन्हेगार' म्हटलं गेलं, कुणाला त्याहून वाईट. यंत्राला हे शिकवलं होतं 'इमेजनेट' या प्रचंड चित्रसाठ्याने. 2009 मध्ये जगापुढे आलेल्या या साठ्यात पुढे सुमारे 1 कोटी 40 लाख चित्रं जमली आणि त्यांना नावं चिकटवली ती इंटरनेटवर नगाप्रमाणे मजुरी घेणाऱ्या माणसांनी. आपली काळीभोर उस्मानाबादी शेळी त्या ढिगात असलीच, तर तिची बोळवण नुसतं 'शेळी' म्हणून झाली असणार. शेळीचं त्यात काही बिघडत नाही. माणसाचं बिघडतं. 2019 मध्येच इमेजनेटवाल्यांनी माणसांची सुमारे 6 लाख चित्रं काढून टाकायचं जाहीर केलं.

मुंबईत शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांनी 2007 मध्ये सुरू केलेला 'कॅम्प' हा कलासमूह दुसऱ्या टोकाने, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूने, चित्राला नाव कोण देतं या प्रश्नाला भिडतो. पाळतीचा कॅमेरा ज्याच्यावर रोखलेला असतो, त्याच्याच हाती तो दिला तर काय होईल? 2008 मध्ये इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरात त्यांनी सीसीटीव्हीच्या नियंत्रण खोलीत सर्वसामान्य लोकांना नेऊन बसवलं. पुढे जेरुसलेममध्ये पॅलेस्टिनी कुटुंबांच्या घरांवर कॅमेरा बसवला आणि तो फिरवायची कळ त्या कुटुंबांकडेच दिली. आपल्याला जिथून हुसकावून लावलं त्या घराकडे लोक कॅमेरा वळवतात, जवळ आणतात आणि पाहता पाहता बोलत राहतात. पडद्यावर दिसते एक साधी गच्ची. ती कुणाची होती, हे त्या बोलण्यातूनच कळतं. चेहरे ओळखणाऱ्या यंत्राला हे कधी जमेल असं वाटत नाही.

करोनाच्या काळात त्यांनी मुंबईतल्या एका 35 मजली इमारतीवर सीसीटीव्ही कॅमेरा लावला आणि दुरूनच चालवला. त्यातून 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' ही सात पडद्यांची कलाकृती झाली. 2022 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या कोची बिनालेत ती दाखवली गेली. कॅमेरा वरच्या टोलेजंग इमारतींवरून सुरू होतो आणि हळूहळू मान खाली घालतो, थेट निळ्या ताडपत्रीच्या छपरांपर्यंत. एकाच जागेवरून. वरून खाली बघणं हे तर पाळतीचं रोजचंच काम, पण इथे ते बघणं गुन्हेगार हुडकायला निघालेलं नाही.

या मंडळींचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र जरा रूक्ष काम आहे. 2008 मध्ये मुंबई, बंगळुरू आणि बर्लिनमधल्या काही संस्थांसोबत त्यांनी 'पॅड डॉट एमए' हे चित्रफितींचं खुलं संग्रहालय उभं केलं. चित्रपटात न वापरलेलं कच्चं चित्रीकरणसुद्धा तिथे ठेवलेलं आहे. फितीतल्या नेमक्या सेकंदाला कोण काय बोललं, मागे काय दिसतंय, याच्या टिपा माणसं लिहितात. आणि एखादी टीप कुणाला पटली नाही, तर नाव नोंदवून तिच्याशेजारी आपली वेगळी टीप जोडता येते.